सोया-तांदळाच्या किण्वन कारखान्याचा अन्न परवाना : यंत्रांची यादी आणि नकाशा आधी, खरेदी नंतर

टेम्पे (बुरशीने बांधलेली सोयाबीनची वडी), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) किंवा कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ किंवा सोयाबीन) मोठ्या प्रमाणावर करायचा विचार असेल, तर यंत्रांची आगाऊ रक्कम भरण्याआधी परवान्याचा अर्ज एकदा वाचून काढा. त्यात यंत्रांची यादी आणि जागेचा नकाशा मागतात. यंत्रं बसल्यावर या दोन्हींत काही चुकलेलं निघालं, तर कागद बदलून भागत नाही, भिंत फोडावी लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३१ प्रमाणे नोंदणी किंवा परवान्याशिवाय खाद्यपदार्थाचा व्यवसाय सुरू करता येत नाही. अर्ज कोणीही करू शकतं : एकटी व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, सहकारी संस्था. तो ‘फॉस्कॉस’ या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. लहान उत्पादकाला नमुना ‘अ’ भरून नोंदणी मिळते. त्यावरच्यांना नमुना ‘ब’, म्हणजे राज्य किंवा केंद्रीय परवाना. कोण कुठे बसतो हे उत्पादनक्षमता आणि उलाढालीवर ठरतं. या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर असेल तीच धरा.

पदार्थाचा वर्ग निवडताना घाई करू नका. आंबवलेलं सोयाबीन, म्हणजे टेम्पे आणि नाट्टो (जिवाणूने आंबवलेले सोयाबीनचे दाणे), वर्ग ६.८ मध्ये येतं. मिसो आणि सोया सॉस मात्र १२.९ मध्ये, मसाल्या-चटण्यांच्या शेजारी. दोन्ही करणार असाल तर दोन्ही वर्ग टाका. तुमचा पदार्थ किंवा त्यातला सूक्ष्मजीव कुठल्याच मानकात बसत नसेल, तर ‘अविनिर्दिष्ट अन्न’ नियम, २०१७ प्रमाणे आधी वेगळी मंजुरी लागू शकते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा.

आता यंत्रांची यादी. प्रत्येक यंत्राचं नाव, संख्या, क्षमता आणि अश्वशक्ती त्यात लिहायची असते. भिजवण्याच्या टाक्या, वाफेचा कुकर, थंड करणारा पट्टा, बीज-बुरशी मिसळणारं यंत्र, किण्वनाची खोली किंवा फिरती तबकडी, पंखे, आर्द्रता देणारं यंत्र, पॅकिंग : सगळं. सगळ्यात जास्त चूक होते ती क्षमतेत. समजा कुकरमध्ये एका वेळी २०० किलो सोयाबीन शिजतं आणि दिवसात तीन फेऱ्या होतात. अर्जदार बिनधास्त ६०० किलो लिहून मोकळा होतो. पण कोजीला साधारण ४४ ते ४८ तास लागतात. खोलीत ४०० किलो माल मावत असेल तर दिवसाचे २०० किलो झाले, आणि धुण्या-सुकवण्याचा वेळ धरला तर त्याहून कमी. कारखान्याची खरी क्षमता किण्वनाची खोली ठरवते. तोच आकडा लिहा, कारण परवान्याचा प्रकार त्यावर ठरू शकतो.

पंख्यांच्या अश्वशक्तीचंही तसंच. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते. अठराव्या-विसाव्या तासाला ट्रेवर तळहात धरला तर ऊब सरळ जाणवते, आणि दाणे एकमेकांना पांढऱ्या धाग्यांनी बांधलेले दिसतात. ट्रेमध्ये थर चार-पाच सेंटीमीटरचा असतो, म्हणून निभावतं. खालून हवा सोडणाऱ्या यंत्रात तोच थर फूटभर होतो. तिथे पंखा कमी पडला की मधला माल तापून वाया जातो. स्वस्तातला पंखा घेऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती.

नकाशात लांबी-रुंदी आणि कामानुसार जागा दाखवायची. कच्चा माल एका बाजूने आत, तयार माल दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये वाट ओलांडणं नको. नाट्टो आणि कोजी एका खोलीत मुळीच ठेवू नका : नाट्टोचा जिवाणू चिवट बीजाणू सोडतो आणि कोजीत शिरतो. किण्वनाच्या खोलीचं छत थोडं उतरतं दाखवा. सपाट छताला बाष्पाचे थेंब लोंबतात, खाली ट्रेवर पडतात, आणि जिथे पडतात तिथे चिकट डाग उठतो.

बाकीचे कागद नेहमीचे : ओळखपत्र, जागेचा ताबा दाखवणारा करार किंवा वीजबिल, मालक-भागीदार-संचालकांची यादी, जबाबदार व्यक्ती नेमल्याचं पत्र, अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा. पाणी पिण्यायोग्य असल्याचा रासायनिक व जिवाणू तपासणी अहवाल आधीच मागवून ठेवा.

वाफेसाठी बॉयलर घेत असाल तर त्याची नोंदणी वेगळी, राज्याच्या बाष्पके विभागाकडे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरला ती लागत नाही. मोठा बॉयलर घेताना उत्पादकाची प्रमाणपत्रं त्याच दिवशी हातात घ्या, नंतर मागे लागून ती मिळवणं फार जड जातं.

अधिकाऱ्यांनी अर्जावर शंका काढली तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाहीतर अर्ज रद्द होऊ शकतो. म्हणून पोर्टल दोन-तीन दिवसांनी उघडून बघत जा. दोन महिन्यांत परवानाही मिळाला नाही आणि नकारही आला नाही, तर व्यवसाय सुरू करण्याची मुभा कायदाच देतो. परवाना आला की त्याचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापा. सोया हा ॲलर्जी आणणारा घटक असल्याने तोही ठळक लिहावा लागतो. पुढे एखादी खोली वाढवली किंवा टेम्पेसोबत मिसो सुरू केला, तर परवान्यातल्या बदलाचा अर्ज आधी करा आणि मगच पहिला घाणा शिजवा.