खासगी एफएम आपल्या शहरात कसं आलं?

कोल्हापूर, नाशिक, जळगाव, सोलापूर अशा शहरांमध्ये खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या त्या २००५ च्या धोरणानंतर. मुंबईत त्या २००२ पासूनच ऐकू येत होत्या. या उशिराचं खरं कारण परवाना शुल्काच्या हिशेबात सापडतं. श्रोते तर कधीपासून होतेच.

रेडिओवर जाहिराती वाजू लागल्या त्या खासगी वाहिन्यांच्या कितीतरी आधी. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. एफएम प्रक्षेपण आकाशवाणीनेच १९७७ मध्ये मद्रासला सुरू केलं. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचे काही तास खासगी निर्मात्यांना भाड्याने दिले आणि मुंबई-दिल्लीच्या श्रोत्यांना गप्पा मारत गाणी लावणारा निवेदक भेटला. १९९८ मध्ये ही व्यवस्था थांबली. त्याआधी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण खासगी रेडिओची वाटही त्यातूनच मोकळी झाली.

१९९९ च्या धोरणानुसार, म्हणजे पहिल्या टप्प्यात, ४० शहरांतल्या १०८ वाहिन्यांचा लिलाव पुकारला गेला. बोली चढत गेल्या. ठरलेलं शुल्क दरवर्षी भरायचं, तेही वर्षाला १५ टक्क्यांनी वाढणारं. कमाई होवो न होवो. अनेकांनी माघार घेतली आणि जेमतेम वीसेक वाहिन्या प्रत्यक्ष सुरू झाल्या. पहिली होती बंगळूरची रेडिओ सिटी, जुलै २००१ मध्ये. मुंबईत मिर्ची, सिटी, रेड, गो आणि विन अशी चुरस लागली. त्यातली विन काही वर्षांतच बंद पडली. एवढं शुल्क डोक्यावर असताना जास्तीत जास्त कानांपर्यंत पोहोचणारी नवी हिंदी गाणीच पुन्हा पुन्हा वाजवली गेली. मुंबईच्या वाहिन्यांवर मराठी गाणं इतकी वर्षं दुर्मीळ राहिलं, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्याने हे गणित बदललं. एकदाच प्रवेश शुल्क भरायचं आणि पुढे ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. किमान रकमेची अट होतीच, पण शुल्क कमाईशी जोडलं गेल्याने लहान शहर परवडू लागलं. ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या लिलावात आल्या. एका शहरातल्या वाहिन्यांनी एकच प्रक्षेपण मनोरा वापरायचा, या अटीने उभारणीचा खर्चही वाटला गेला. वृत्तपत्रसमूह पुढे आले. कोल्हापूरची टोमॅटो एफएम 'पुढारी'ची.

अशा वाहिनीचा एक तास ऐकला की तिचं अर्थकारण लगेच कळतं. दोन गाणी, आरजेची, म्हणजे निवेदकाची, मिनिटभराची बडबड, मग जाहिराती: सराफाची पेढी, साड्यांचं दुकान, अकरावी-बारावीचे क्लासेस. जाहिरातीचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने लागतो, त्यामुळे पानभर जाहिरात न झेपणारा दुकानदारही इथे येऊ शकतो. वाहिनी चालते ती त्याच्याच भरवशावर. गाण्यांच्या मानधनाचा प्रश्न मात्र बराच काळ चिघळला होता. संगीत कंपन्यांना तासांच्या हिशेबाने पैसे हवे होते. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवून दिला.

खासगी वाहिन्यांनी बातम्या देण्यावर सुरुवातीपासून असलेली बंदी मात्र कायम राहिली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्यात फक्त आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा मिळाली. रस्ते, पाणी, नगरपालिका यांची बातमी जिथे सर्वांत उपयोगी पडली असती, तिथेच ती स्वतः मिळवून सांगता येत नाही. ही अट मला आजही अन्यायाची वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. आपल्याकडची लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव ही शहरं त्या यादीत आहेत.