रेझिन इन्फ्युजनची आखणी (घरगुती फायबरकाम)

काचतंतूच्या किंवा कार्बनच्या कोरड्या कापडाचे थर साच्यात मांडायचे, त्यावर प्लॅस्टिकची फिल्म हवाबंद चिकटवायची आणि आतली हवा पंपाने काढून रेझिन (गोठून कडक होणारे चिकट द्रव) आत शिरू द्यायचे, या पद्धतीला रेझिन इन्फ्युजन म्हणतात. ब्रशने हाताने केलेल्या कामात काच आकारमानाने साधारण तिसरा हिस्सा भरते. इन्फ्युजनमध्ये ती ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जाते, त्यामुळे भाग हलका आणि ताठ होतो. हाताच्या कामात चूक दिसली की रोलर फिरवून सावरता येते. इथे नळ उघडल्यावर फारसे काही हातात उरत नाही, म्हणून डोके लढवायचे ते त्याआधीच.

आखणीचा गाभा म्हणजे रेझिन गोठण्याआधी साचा भरला पाहिजे. भरण्याचा वेळ रेझिनच्या दाटपणाबरोबर वाढतो आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. त्यामुळे एका कडेने रेझिन सोडून समोरच्या कडेने हवा ओढण्यापेक्षा मधोमध रेझिनची नळी आणि चहूकडे हवेची नळी ठेवली, तर प्रवास अर्धा होतो आणि वेळ सुमारे पाव. कापडाचीही स्वतःची वाट असते. सोलापूरच्या मागवाल्यांना ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही; एकाच दिशेला तंतू जास्त असलेल्या कापडात रेझिन त्या दिशेने भराभर पळते आणि आडवे रेंगाळते. कापड आणि साच्याची कड यांत फट राहिली, तर रेझिन तिथून पुढे धावून मागे कोरडा डाग कोंडते. हवेची नळी नेहमी जिथे रेझिन सर्वांत शेवटी पोहोचेल तिथेच हवी. पंपाआधी रेझिन अडवणारा डबा नसेल तर काम सुरूच करू नये.

रेझिनचा हिशोब कापडाच्या वजनावरून होतो. १ चौरस मीटर भागावर ६०० ग्रॅमी (चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाच्या) कापडाचे ४ थर म्हणजे २.४ किलो काच; काच आकारमानाने ५५ टक्के धरली तर एपॉक्सी हे रेझिन सुमारे ९०० ग्रॅम लागते. प्रवाहजाळी (रेझिन पसरवणारी जाळी), पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) आणि नळ्या त्यावर आणखी अर्धा किलो सहज पितात. नवखे लोक नेमके हेच धरत नाहीत. मग बादली रिकामी होते, नळीतून हवा आत जाते आणि भाग वाया जातो.

गळतीची तपासणी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची. पूर्ण निर्वात झाल्यावर नळी क्लॅम्पने बंद करून १५ मिनिटे मापकाकडे पाहत बसावे. काटा सरकला तर चिकटपट्टीच्या घड्या तपासाव्यात. इथे सोलापूरची एक बाब लक्षात ठेवायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब सुमारे ५ टक्के कमी असतो. निर्वात पाऱ्याच्या मिमीत दाखवणारा साधा डायल इथे ७६० कधीच दाखवणार नाही. ७२० च्या आसपास थांबला म्हणजे पंप बिघडला असे नव्हे.

दुसरी बाब उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. तापमान १० अंशांनी वाढले की रेझिनचा कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. उष्णतेने रेझिन पातळ होऊन भराभर वाहते हा फायदा खरा, पण बादलीत एकत्र साठलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि आधी तेच गोठते, कधी धूरही सोडते. म्हणून मंद हार्डनर (रेझिन गोठवणारा घटक), थोडे थोडे कालवणे आणि पहाटेची वेळ. उलट गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या सकाळी, तेच रेझिन दाट होऊन वाटेतच मंदावते. तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवून दुपार गाठावी.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण अति निर्वातात त्यातले स्टायरिन उकळून बुडबुडे होतात. भरून झाल्यावर निर्वात थोडा कमी करतात. त्याला गोठवणारा कॅटॅलिस्ट आणि गोठणे वेगवान करणारे कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क दोन्ही रेझिनांना लागतात.

वीज गेली तर? रेझिन आणि हवा, दोन्ही नळ्या लगेच क्लॅम्प करायच्या. गळती नसलेली फिल्म रेझिन गोठेपर्यंत दाब धरून ठेवते. गळती असेल तर इन्व्हर्टरशिवाय इलाज नाही.