उपग्रहावरचे इंटरनेट संथच असते का?

उपग्रहावरून येणारे इंटरनेट नेहमी संथच असते, कारण संदेशाला अंतराळात जाऊन परत यावे लागते, हा समज वर्षानुवर्षे सांगितला जातो. जुन्या व्यवस्थेपुरता तो खरा आहे. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे विनंती जाऊन उत्तर परत येईपर्यंत प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो, आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे बोलणे उशिरा पोहोचते. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे बहुतेक उपग्रह मात्र साधारण ४८० ते ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात. तेथे केवळ अंतरामुळे होणारा विलंब दहा मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या, आसपासच राहतो.

शिवाय, विलंब आणि क्षमता (एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते) या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरी गफलत येथेच होते. लक्षद्वीपच्या साऱ्या बेटांना उपग्रहावरून मिळून १.७ गिगाबिट प्रतिसेकंद एवढीच क्षमता मिळत होती. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या कोची-लक्षद्वीप सागरी केबलने ती २०० गिगाबिटांपर्यंत नेली. जेथे अशी केबल पोहोचते तेथे उपग्रहाचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेथे ती पोहोचणे कठीण, तेथे खर्च केवळ मासिक शुल्कावरून मोजणे चुकीचे ठरते. अँटेनाची किंमत एकरकमी द्यावी लागते, आणि तिला सतत वीज लागत असल्याने भारनियमन असलेल्या पाड्यावर सौर पॅनेल व बॅटरीचाही खर्च धरावा लागतो. म्हणूनच एकेका घरापेक्षा शाळा किंवा आरोग्य उपकेंद्रासाठी सामायिक जोडणी घेणे अधिक परवडते, मात्र अँटेनासमोर झाडांचा किंवा डोंगराचा अडथळा नसलेले मोकळे आकाश हवे.