मागचा हब बदलताना नट 'थोडा सैल' ठेवायचा?

घरच्या घरी कारच्या मागच्या चाकाचा हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगवर फिरणारा मधला भाग) बदलणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: हबचा मधला नट घट्ट आवळा, मग पाव फेरा उलटा फिरवा, नाहीतर बेअरिंग जाम होऊन जळेल.

सल्ला खोटा नाही, पण जुन्या गाड्यांसाठीचा आहे. त्यांच्या हबमध्ये दोन सुटी टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंग असत आणि त्यांच्यातला खेळ, म्हणजे किंचित ढिलेपणा, नटानेच ठरे. म्हणून नट किंचित सैल करून तो फिरू नये म्हणून कॉटर पिन (आरपार घालायची दुमडती खीळ) घालत.

आजच्या बहुतेक गाड्यांत सीलबंद हब युनिट असतं. त्यातला आतला खेळ कारखान्यातच ठरलेला असतो. नटाचं काम आतल्या दोन रिंगा एकमेकींवर दाबून धरण्याचं. तो सैल ठेवला की रिंगा हलतात, चाकात खेळ येतो आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरू लागतं. मग दोष सुट्या भागाला! अनेक गाड्यांत या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, १५० न्यूटन-मीटरच्या वर असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा आणि ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच लावावा. अंदाजाने इम्पॅक्ट गन (झटके देत नट आवळणारं यंत्र) चालवणं हेही तितकंच वाईट.

नट शक्यतो नवा वापरा. तो पुरता आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टेकवू नका.

काही गाड्यांत मागे मधला नटच नसतो, युनिट मागून चार बोल्टांनी बसतं. तिथे हा वादच उरत नाही, फक्त एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर जपायची.