जादूच्या शाळेची पुस्तकं घेताय? आधी हे वाचा

मे महिन्यात चाकरमानी पोराबाळांसकट गावी आले की दुकानात एकच चौकशी दिवसातून चार वेळा होते, "ते जादूच्या शाळेचं पुस्तक आहे का हो?" कुठलं म्हणून विचारलं तर नाव आठवत नाही, मग जे जाड आणि चकचकीत दिसतं ते घेऊन जातात आणि पोरगं वीस पानांत सोडून देतं, असं होऊ नये म्हणून हे पत्रक. वेंगुर्ल्याच्या बाजारात आमचं छोटं दुकान आहे, विक्रीही आणि भाड्याने वाचायलाही, आणि या कादंबऱ्या आम्ही स्वतः वाचतो मगच कपाटात लावतो.

हा प्रकार नेमका काय

साध्या घरातलं पोर, त्याला कळतं की आपल्यात काहीतरी वेगळं आहे, मग घर सोडून लांब शाळेत राहायला जायचं, तिथे मास्तर, परीक्षा, एक जिवाभावाचा मित्र आणि एक डोक्यात जाणारा मुलगा. यातलं हॉस्टेल, प्रीफेक्ट (म्हणजे शिस्त बघणारा मोठा विद्यार्थी), हाऊस (म्हणजे मुलांचे गट) हे सगळं इंग्रजी बोर्डिंग स्कूलच्या गोष्टींमधून आलंय, 'टॉम ब्राऊन्स स्कूलडेज' 1857 सालचं आहे म्हणजे बघा किती जुना साचा, जादू त्यात खूप नंतर मिसळली.

पण आपल्याला हे परकं नाही हो. कच शुक्राचार्यांच्या आश्रमात संजीवनी शिकायला गेला ती जादूची शाळाच की! असुरांनी त्याला मारला, गुरूंनी उठवला, परत मारला, शेवटी जाळून राख दारूतून गुरूंनाच पाजली, तेव्हा पोटातल्या शिष्याला विद्या शिकवण्यावाचून गुरूंना गत्यंतरच उरलं नाही. 'ययाति'त हाच कच आहे आणि ते लिहिणारे खांडेकर आपल्याच तालुक्यात शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. आणि घर सोडून शिकायला जाणं म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला हवं, दहावी-बारावी झाली की निम्मी पोरं कोल्हापूर नाहीतर मुंबई.

पुस्तक चांगलं की नाही हे ओळखायची आमची एक खूण आहे. त्यात जादू फुकट मिळते का ते बघा. कांडी फिरवली आणि झालं, असं असेल तर पोरं दोन दिवसांत कंटाळतात. शिकावं लागतं, चुकतं, चुकल्याची किंमत भरावी लागते, अशी पुस्तकंच पोरं परत परत नेतात.

सुरुवात कुठून करायची

नऊ-दहा वर्षांपासून पुढे, मराठीतून वाचणारं मूल असेल तर हॅरी पॉटरच. पहिलं इंग्रजी पुस्तक 1997 सालचं, सातवं 2007 चं, मराठीत पहिल्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस', आणि 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला परीस हा शब्द इतका चपखल बसलाय की आम्हाला तर मूळ नावापेक्षा तोच आवडतो. त्यात पीस हवेत तरंगवायचा तास आहे बघा, मंत्राचा उच्चार जरा इकडेतिकडे झाला तरी पीस ढिम्म हलत नाही, तो भाग मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. क्रम मोडू नका, आणि सातही भाग एकदम घेऊन ठेवू नका. चौथा भाग पहिल्यापेक्षा खूप जाड आहे आणि तिथून पुढे गोष्ट काळोखी होत जाते, माणसं मरतात, त्यामुळे पहिले तीन लहानपणी आणि पुढचे थोडं मोठं झाल्यावर हे बरं.

बारा-तेरा वर्षांचं मूल आणि इंग्रजी बऱ्यापैकी असेल तर आमचा सगळ्यात जास्त आग्रह उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'साठी. 1968 चं पुस्तक, हॅरीच्या एकोणतीस वर्षं आधीचं. सगळी दुनियाच बेटांची, होड्यांची, वाऱ्याची, त्यामुळे किनाऱ्यावरच्या पोरांना ते घरचं वाटतं. शेळ्या राखणारा एक सावळा मुलगा रोक नावाच्या बेटावर जादू शिकायला जातो आणि तिथल्या दारातच त्याला आपलं खरं नाव सांगावं लागतं, कारण त्या दुनियेत ज्याला तुमचं खरं नाव माहीत त्याची तुमच्यावर सत्ता. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी दुकानाच्या पायरीवर बसून हेच पान वाचत होती, बाजूला तिचे आजोबा थांबलेले, आयुष्यभर मासेमारी केलेले. तिने त्यांना नावाची गोष्ट सांगितली तर ते पटकन म्हणाले, "तर काय! रातीची एकच हाक इली तर ओ देव नको असा आमका उगीच सांगत नाय!" म्हणजे रात्री कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये, ती भुताची असते असं इथे मानतात. आणि मग घरी जाईपर्यंत तिने त्यांना पुढची गोष्ट सांगितली म्हणे.

त्याच शाळेत मास्तर शिकवतात की एका बेटावर पाऊस पाडलास तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. इथे आषाढात धो धो आणि घाट चढून पुढे गेलं की टँकर, हे बघत वाढलेल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

'अकाटा विच' 2011 चं आहे, नायजेरियातलं. सनी नावाच्या मुलीला फुटबॉल खेळायचाय पण कातडीला ऊन सोसत नाही. तिथे जादूतलं काही नवीन शिकलं की वरून पैसे पडतात, खरोखर नाणी, आणि जितकं कठीण शिकाल तितकी जास्त. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे आम्ही मुद्दाम देतो.

सोळाच्या वर असेल तर नाओमी नोविक यांचं 'अ डेडली एज्युकेशन', 2020 चं. या शाळेत मास्तरच नाहीत, नुसते राक्षस, पास होऊन बाहेर पडणं म्हणजे जिवंत बाहेर पडणं. यातल्या मुलीचे वडील भारतीय, त्यांचं घराणं मुंबईकडचं. तिला जादूसाठी लागणारी शक्ती व्यायामाचे जोर काढून नाहीतर क्रोशे विणून कष्टाने साठवावी लागते, दुसऱ्याचा जीव ओढून घेतला तर लगेच मिळते, पण ती तसं करत नाही. आम्हाला हे फार आवडलं.

'द मॅजिशियन्स' मात्र नावाला आणि शाळेला भुलून लहानांना देऊ नका, ते मोठ्यांचं पुस्तक आहे.

आईवडील नेहमी विचारतात ते

"ह्यां वाचून पोराच्या डोक्यात भुतांखेतां शिरतली नाय मां?" नाही शिरत. दशावतारात संकासुर बघून कुणी राक्षस झालंय का? उलट या गोष्टींत भीतीला नाव देऊन तिच्यासमोर उभं राहायला शिकवतात. तरी शंका असेल तर पहिली तीस पानं दुकानात बसून वाचा, त्याचे पैसे घेत नाही.

स्वस्तातल्या नकली प्रतींपासून सांभाळा. आम्ही सुरुवातीला फसलो होतो, एका घाऊक विक्रेत्याकडून गठ्ठा घेतला आणि निम्म्या प्रतींत शेवटचा फॉर्मच, म्हणजे एकत्र छापलेल्या शेवटच्या पानांचा जुडगाच, नव्हता. ज्या मुलाने पहिल्यांदा नेली तो शेवट न वाचताच रडवेला होऊन परत आला, तेव्हापासून प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत चाळून मगच देतो.

पावसात पुस्तक कसं जपायचं

जून ते सप्टेंबर आमच्याकडून पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच मिळेल, पण घरी गेल्यावर त्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवला तर कसर कमी लागते. आणि भिजलंच तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात धरू नका, पानं वाकडी होतात, चिकटलेली पानं ओढू पण नका. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा कागद घाला, पंख्याखाली उभं करून ठेवा, कागद ओला झाला की बदला, आणि दोन दिवसांत सुकलं नाही तर आहे तसं आमच्याकडे घेऊन या, बाकीचं आम्ही बघतो.