स्पेकुलास

स्पेकुलास हे नेदरलँड्समधले पातळ, खुसखुशीत आणि मसालेदार बिस्किट. मैदा, लोणी, तपकिरी साखर आणि दालचिनीप्रधान मसाला एवढ्यावर ते होते. बेल्जियममध्ये आणि जर्मनीच्या ऱ्हाइनकाठच्या भागातही त्याचे भाईबंद आढळतात. एकेकाळी ते सिंटरक्लासच्या (मुलांना भेटी देणाऱ्या संत निकोलसच्या) सणापुरतेच, म्हणजे ५ डिसेंबरच्या संध्याकाळसाठी, केले जाई. आता दुकानांत ते बाराही महिने मिळते.

नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. कोणी ते आरसा या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात, कारण साच्यातली आकृती बिस्किटावर उलटी उमटते. कोणी त्याचा संबंध बिशपच्या ‘देखरेख करणारा’ या अर्थाच्या बिरुदाशी लावतात. सिंटरक्लास हा मूळचा बिशपच, त्यामुळे ही व्युत्पत्तीही अगदीच ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

मसाल्यात दालचिनी सर्वांत जास्त असते. तिच्यासोबत लवंग, जायफळ, सुंठ, वेलची आणि पांढरी मिरी येते. मसाला घातलेली बिस्किटे युरोपात मध्ययुगापासून होती, पण १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाल्यावर मसाल्याचा हा माल ॲम्स्टरडॅमच्या बंदरात थेट उतरू लागला. श्रीलंकेची दालचिनी आणि मलबारची मिरी कंपनीने ताब्यात घेतली. जायफळासाठी तर १६२१ मध्ये बांदा बेटांवर कत्तल झाली आणि तिथली बहुतेक मूळ वस्ती नाहीशी झाली. याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.

खरी कारागिरी दिसते ती साच्याच्या लाकडी फळीत. नासपती, बीच किंवा अक्रोडाच्या लाकडात पवनचक्की, जहाज, घोडेस्वार, बिशप अशा आकृती खोल कोरलेल्या असतात. जुन्या फळ्या आज संग्रहालयांत आणि जुन्या बाजारात सापडतात. पूर्वी स्त्री-पुरुषांच्या आकृतीची हातभर उंच बिस्किटे काढून, क्वचित त्यांना सोन्याचा वर्ख लावून, लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना भेट देत. अशा बिस्किटाला ‘प्रियकर’ या अर्थाचेच नाव होते.

घरी करताना २५० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम थंड लोणी, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, दोन चमचे मसाला, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर पुरते. गोळा जमण्यापुरते दूध घालावे. डच घरांत या कामी ओलसर, बारीक तपकिरी साखर वापरतात. तिच्याऐवजी गूळ घातला तर चव चांगली लागते, पण ते स्पेकुलास राहत नाही. मळलेले पीठ झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. इथे घाई केली तर मसाला पिठात मुरत नाही, दालचिनी तेवढी वेगळी लागते.

फळीवर तांदळाची पिठी भुरभुरून जादाची झटकून टाकावी. मोदकाच्या साच्याला चिकटू नये म्हणून आपण जी खबरदारी घेतो, तीच ही. पीठ अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबावे, वरचे जास्तीचे पातळ सुरीने फळीच्या पातळीत कापावे आणि फळीची कड ओट्यावर एकदा जोरात आपटावी. आकृती अलगद सुटून येते. पहिल्या दोन-चार वेळा पवनचक्कीचे पाते साच्यातच अडकून बसते. बेकिंग पावडर जास्त पडली तर भट्टीत बिस्किट फुगून नक्षी पुसली जाते. १७० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर नानखटाईसारखेच मऊ लागते, निवल्यावर कडक होते.

सिंटरक्लासच्या वेळी मुलांसमोर मूठमूठ उधळतात ती छोटी गोल क्राउदनोटन याच मसाल्याची. दोन थरांमध्ये बदामाचे सारण घालून केलेला जाड, मऊ प्रकारही लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते नवशिक्याने आधी तोच करावा, कारण त्याला फळी लागत नाही. बेल्जियन ‘स्पेकुलोस’मध्ये मसाला जवळजवळ नसतो, चव असते ती कॅरॅमल केलेल्या साखरेची. भारतातल्या दुकानांत दिसणारे बिस्कॉफ हे याच घराण्यातले.

कॉफीसोबत एकच स्पेकुलास देण्याची डच रीत पाहुण्यांच्या चेष्टेचा विषय होते. घरात मात्र लोणी लावलेल्या पावाच्या दोन कापांमध्ये ते अख्खे दाबून न्याहारीलाही खातात.