कटिंग (शरीरसौष्ठव)

शरीरसौष्ठवात स्नायू वाढवण्यासाठी काही महिने मुद्दाम गरजेपेक्षा जास्त खाल्ले जाते. या काळाला व्यायामशाळांच्या भाषेत ‘बल्किंग’ किंवा नुसते ‘बल्क’ म्हणतात. त्या काळात स्नायूंबरोबर साठलेली चरबी नंतर ठरावीक आठवड्यांत उतरवणे आणि ती उतरवताना कमावलेले स्नायू शाबूत ठेवणे, या पद्धतीला ‘कटिंग’ हे नाव आहे. साध्या वजन घटवण्यापासून ती याच दुसऱ्या अटीमुळे वेगळी पडते. वजनकाट्यावर पाच किलो कमी झाले, पण त्यांतले दोन किलो स्नायूंचे असले, तर रोजच्या अर्थाने माणूस बारीक झाला असे म्हणता येईल, मात्र त्याचे कटिंग फसलेले असते. दंड, छाती आणि पोट यांवरील स्नायूंच्या सीमारेषा कातडीखालून स्पष्ट दिसू लागल्या की ‘कट्स आले’ असे म्हटले जाते.

महाराष्ट्रातील तालमींच्या जुन्या परंपरेत ही कल्पना नव्हती, कारण तिथे तिची गरज नव्हती. दूध, तूप, बदामाच्या खुराकावर पोसलेल्या पैलवानाच्या अंगावर थोडी चरबी असणे हे दोष मानले जात नसे, आणि पोटावरच्या रेषांना कुस्तीत गुण मिळत नाहीत. शरीरसौष्ठवाच्या मंचावर मात्र परीक्षक डोळ्यांनीच निकाल देतात, आणि ‘महाराष्ट्र श्री’ किंवा ‘भारत श्री’ यांसारख्या स्पर्धा वजनगटांत होत असल्याने त्याच गटात चरबी कमी व स्नायू जास्त असलेला स्पर्धक उजवा ठरतो. कुस्तीपटू वजनगटात बसण्यासाठी आदल्या दिवशी जे वजन उतरवतात, त्याच्याशी कटिंगची गल्लत केली जाते, पण त्या वजनात बहुतांशी पाणी असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या दिवशी सुमारे १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा रात्रभर जो झगडा चालला होता तो घामाशी होता. एका रात्रीत किलोभर चरबी कोणालाही घालवता येत नाही.

चरबी उतरण्याचे मूळ कारण एकच आहे, आणि ते म्हणजे खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात जाणे. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे रोज ५५० किलोकॅलरींची तूट ठेवली तर दोन आठवड्यांत सुमारे एक किलो चरबी जावी. प्रत्यक्षात ती थोडी कमी जाते, कारण वजन घटत जाते तसा शरीराचा खर्चही घटतो आणि माणूस नकळत कमी हालचाल करू लागतो. स्नायूंतील प्रथिनांची मोडतोड व पुनर्बांधणी तर चोवीस तास सुरूच असते. तूट पडली की बांधणी मंदावते आणि मोडतोड तशीच राहते किंवा वाढते. अशा वेळी कोणते स्नायू राखायचे हे शरीर दोन गोष्टींवरून ठरवते : त्या स्नायूंवर नियमित जड भार पडतो आहे का, आणि बांधणीसाठी लागणारी प्रथिने अन्नातून येत आहेत का.

तिसरी गोष्ट म्हणजे अंगावर मुळात किती चरबी शिल्लक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि त्यात चरबीबरोबर स्नायूही मोठ्या प्रमाणात गेले. पुढे २००५ मध्ये अल्पर्ट या संशोधकांनी, एक किलो चरबीतून दिवसाला जास्तीत जास्त सुमारे ६९ किलोकॅलरी उपलब्ध होऊ शकतात, असे गणित मांडले. हा आकडा सैद्धांतिक आहे आणि तो पुढे कमीही करण्यात आला, म्हणून त्यावरून रोजचा आहार ठरवणे शहाणपणाचे नाही. पण त्यातून निघणारी दिशा योग्य आहे. अंगावर १६ किलो चरबी असलेल्याला मोठी तूट झेपते. तोच माणूस ७ किलोंवर आला की तीच तूट स्नायूंच्या मुळावर येते. म्हणून कटिंगचा वेग सुरुवातीला थोडा जास्त आणि शेवटी कमी असावा लागतो, आणि नेमके इथेच बहुतेकांचे गणित उलटे होते, कारण स्पर्धेची किंवा लग्नाची तारीख जवळ आली की ते आहार आणखी तोडतात.

वेगाविषयी सर्वाधिक उद्धृत केला जाणारा प्रयोग नॉर्वेतील आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इना गार्थे व सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या २४ खेळाडूंचे दोन गट केले. एकाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के आणि दुसऱ्याने १.४ टक्के वजन उतरवायचे होते, आणि दोघांनीही आठवड्यातून चार दिवस वजनांचा व्यायाम करायचा होता. शेवटी दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे साडेपाच टक्के घटले. पण सावकाश उतरलेल्या गटाचे चरबीविरहित वजन (म्हणजे स्नायू, हाडे, पाणी वगैरे मिळून) २.१ टक्क्यांनी वाढले, तर घाईने उतरलेल्यांचे जागच्या जागी राहिले. स्पर्धेची तयारी करणाऱ्या, औषधे न घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंसाठी हेल्म्स, अ‍ॅरागॉन आणि फिचेन यांनी २०१४ मध्ये केलेली शिफारसही आठवड्याला अर्धा ते एक टक्का अशीच आहे.

हा हिशेब एका उदाहरणाने पाहता येतो. बल्कच्या अखेरीस ८० किलो वजन आणि २० टक्के चरबी असलेल्या तरुणाच्या अंगावर १६ किलो चरबी आणि ६४ किलो चरबीविरहित वजन असते. त्याला १४ टक्क्यांवर यायचे असेल आणि एकही ग्रॅम स्नायू गमवायचा नसेल, तर वजन साधारण ७४.४ किलो व्हावे लागते, म्हणजे ५.६ किलो चरबी घालवायची. आठवड्याला सरासरी ५६० ग्रॅम धरले तर दहा आठवडे लागतात आणि रोजची तूट सहाशे किलोकॅलरींच्या थोडी वर येते. ‘तीस दिवसांत सिक्स पॅक’ अशा जाहिराती या आकड्यांपुढे ठेवून वाचाव्यात.

प्रथिनांची गरज कटिंगमध्ये बल्कपेक्षा जास्त असते. खाणे कमी करायचे म्हटल्यावर सगळेच थोडे थोडे कमी करणाऱ्यांना हे उलटे वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत. हेल्म्स व सहकाऱ्यांची शिफारस मात्र चरबीविरहित वजनाच्या किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅमची आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जेवर ठेवून कसून व्यायाम करायला लावला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे १.२ किलोंनी वाढले आणि ४.८ किलो चरबी गेली. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोंनी घटली आणि चरबीविरहित वजन जवळजवळ तसेच राहिले. हे तरुण स्थूल होते आणि मुरलेले व्यायामपटू नव्हते. तूट असतानाही स्नायू वाढण्याचे भाग्य वर्षानुवर्षे वजने उचलणाऱ्यांच्या वाट्याला क्वचित येते, त्यांनी राखण्यावर समाधान मानावे.

वरच्या उदाहरणातील तरुणाला दिवसाला सुमारे १५० ग्रॅम प्रथिने लागतील. ती मराठी घरातल्या जेवणात बसवायची तर सकाळी दोन अख्खी अंडी आणि सहा अंड्यांचे पांढरे मिळून ३३ ग्रॅम, व्यायामानंतर व्हेचा (दुधापासूनच्या प्रथिन-पावडरीचा) एक स्कूप २४ ग्रॅम, दुपारी दोनशे ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टचे कालवण ४५ ग्रॅम, संध्याकाळी पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची भाजी २६ ग्रॅम, आणि उरलेली वीस-बावीस ग्रॅम तीन पोळ्या, वाटीभर वरण व वाटीभर दही यांतून येतात. या सगळ्याच्या मिळून तेराशेच्या आसपास किलोकॅलरी होतात, आणि दिवसाचा कोटा दोन हजारांचा असेल तर भात, भाज्या, फळे व तेल यांना सातशे उरतात. शाकाहाऱ्याचे काम अवघड असते, अशक्य नाही. अडचण अशी की ज्यांना तो प्रथिनांचे पदार्थ समजतो, त्यांपैकी शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे प्रथिने २५ ग्रॅम असली तरी चरबी जवळपास दुप्पट असते, आणि पनीरमध्येही चरबीचे वजन प्रथिनांपेक्षा जास्तच भरते. घरच्या जेवणावर कटिंग अडकते ते बहुधा फोडणीत. तेलाच्या पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात १२० किलोकॅलरी मावतात, आणि पळीने तेल घालणाऱ्या घरात एका माणसाच्या वाट्याला असे तीन-चार चमचे सहज येतात. पोळी मोजायची आणि तेल डोळ्यांनी अंदाजायचे, असा प्रकार सर्रास चालतो.

व्यायामाच्या बाबतीत एक समज इतका पक्का रुजला आहे की अनुभवी प्रशिक्षकही तो सांगतात : बल्कमध्ये जड वजने आणि कमी रेप्स (सलग उचलण्याच्या पुनरावृत्त्या), कटिंगमध्ये हलकी वजने आणि जास्त रेप्स, म्हणजे ‘कट्स पडतात’. कट्स चरबी गेल्याने दिसतात, रेप्सच्या संख्येने पडत नाहीत. ज्या भारामुळे स्नायू वाढले तोच भार काढून घेणे म्हणजे ते राखण्याचे कारणच काढून घेणे होय. बेंच प्रेसला ८० किलोंचे आठ रेप्स करणाऱ्याने दहा आठवड्यांनंतरही ८० किलोंचे सात-आठ रेप्स करावेत, हे कटिंगचे खरे ध्येय आहे. सेट्सची, म्हणजे रेप्सच्या फेऱ्यांची, संख्या कमी केली तर चालते. अलाबामा विद्यापीठातील २०११ च्या एका अभ्यासात १६ आठवडे व्यायाम केलेल्या तरुणांनी पुढचे ३२ आठवडे मूळ व्यायामाच्या नवव्या हिश्श्यावर स्नायूंचा आकार टिकवला होता. ते पोटभर खात होते, म्हणून कटिंगमध्ये इतकी काटछाट करू नये, पण राखायला कमवण्यापेक्षा कमी कष्ट लागतात एवढे त्यावरून कळते. चालणे, सायकल, ट्रेडमिल हे खर्च वाढवण्याचे साधन आहे आणि पायांच्या व्यायामात अडथळा न आणता जेवढे जमेल तेवढे करावे. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जात नाही. पुरुषांत ती तिथून सहसा सर्वांत शेवटी जाते, आणि याला इलाज नाही.

पहिल्या आठवड्यात वजन दोन-अडीच किलोंनी उतरते आणि दंडाचे माप अर्ध्या इंचाने घटते, तेव्हा ‘मसल गेले’ अशी हाकाटी होते. पिष्टमय पदार्थ कमी होताच स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन (साखरेचा साठा) घटते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही जाते. पोटभर भात दोन दिवस खाल्ला की माप परत येते. दुसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. वर्षभराच्या बल्कमध्ये बारा किलो वाढलेल्या मुरलेल्या व्यायामपटूच्या अंगावर त्यांतले स्नायू दोन-तीन किलोही असणे कठीण, बाकीची चरबी व पाणी असते. बाही घट्ट करणारी ती चरबी उतरल्यावर ज्या स्नायूंचा शोक केला जातो, त्यांतले बरेचसे मुळात आलेलेच नसतात. म्हणून निदान मापांवरून नव्हे तर उचललेल्या वजनांवरून करावे : तीन-चार आठवडे सलग सगळ्या मुख्य व्यायामांतली ताकद घसरत असेल तर तूट जास्त आहे. वजन रोज सकाळी शौचानंतर घ्यावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. एका दिवसाच्या आकड्याला, विशेषतः आदल्या रात्री खारट खाल्ले असेल तर, अर्थ नसतो.

झोपेचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा आहे. शिकागो विद्यापीठातील २०१० च्या एका छोट्या प्रयोगात त्याच आहारावर साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपायची संधी दिल्यावर तेवढेच वजन उतरले, पण त्यातील चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला.

औषधांच्या वाटेने जाणाऱ्यांचा इतिहास जुना आहे. डायनायट्रोफिनॉल हे रसायन १९३३ मध्ये स्टॅनफर्डमधील डॉक्टरांनी वजन घटवण्यासाठी वापरले (त्यांपैकी एकाचे आडनाव, योगायोगाने, कटिंगच होते), आणि मृत्यू व मोतीबिंदूच्या घटनांनंतर १९३८ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून बंद झाले. तरीही ते चोरून विकले जाते. त्याच्या मारक आणि ‘परिणामकारक’ मात्रांत अंतर फार थोडे आहे. मंचावर कातडी पातळ दिसावी म्हणून मूत्रल औषधे घेण्याची प्रथा वेगळीच आहे, कारण तिच्याने चरबी जात नाही, फक्त पाणी व क्षार जातात आणि हृदयाचा ताल बिघडतो. १९९२ मध्ये हॉलंडमधील स्पर्धेनंतर झालेला मोहम्मद बेनाझिझा या नामांकित शरीरसौष्ठवपटूचा मृत्यू याच प्रथेशी जोडला जातो. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब वर आणण्यासाठी असलेली मेफेंटरमाइनची इंजेक्शने व्यायामशाळांच्या आसपास विकल्याबद्दल कारवाया झाल्या आहेत.

औषधांशिवाय केलेल्या कटिंगलाही टोक असते. अमेरिकेतील एका शरीरसौष्ठवपटूचे वर्षभर केलेले निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली, विश्रांतीतील नाडीचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ पर्यंत उतरले आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक चौथ्या हिश्श्यावर आले. स्पर्धेनंतर आहार वाढवल्यावर महिन्याभरात ठोके ४६ झाले, टेस्टोस्टेरॉनही पुढे पूर्ववत झाले, आणि सहा महिन्यांत चरबी १४.६ टक्के, म्हणजे जिथून निघाली होती जवळजवळ तिथेच, परत आली. ताकद मात्र तोपर्यंतही पूर्ण भरून आली नव्हती.